एक फणी पिकली होती

"चिखलदऱ्याच्या त्या जुन्या इंग्रजी बंगल्यात घालवलेला आठवडा म्हणजे माझ्या आयुष्यातले सोनेरी पान. माझी मेहुणी सुलभा बुऱ्हाणपूरच्या उकाड्यात अगदी मिटून गेली होती. त्या थंड हवेत ती पुन्हा उमलली. रोज संध्याकाळी शेकोटीशी बसून ती माझ्या जंगलातल्या गोष्टी तल्लीन होऊन ऐके. मी तिला माझी काश्मिरी शाल दिली होती. त्या शालीचे तिला एवढे अप्रूप की, शेकोटीची ऊब लागली की ती अंगावरून काढून शेजारच्या टोपलीत जपून ठेवी. ती शाल तिने मला कधी परत केली नाही आणि मीही मागितली नाही. आमचे साडू मात्र बाहेर व्हरांड्यात आपल्या कच्च्या केळ्यांची राखण करीत. त्या घडातले एकही केळे पिकले नाही. एक फणी माकडांनी पळवली, उरलेला घड दरीत फेकावा लागला. तसे मोकळे हसू सुलभाच्या चेहऱ्यावर मी पुन्हा पाहिले नाही."

हा उतारा आमचे साडू दिगंबरराव यांच्या लेखणीतून उतरला आहे. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्ताने मुलांनी गुळगुळीत कागदावर एक स्मरणिका छापली. तीत इतरांनी त्यांच्याविषयी लिहिलेच आहे. पण ते पुरेसे न वाटल्याने त्यांनी स्वतःही स्वतःविषयी लिहिले आहे. एवढे वय झालेल्या माणसाने काय आठवावे यावर कोणी बंधन घालू शकत नाही, हे मला मान्य आहे. परंतु मीही त्याच आठवड्यात त्याच कौलांखाली राहत होतो. तिथे वाहणारा वारा, तिथला धूर आणि तिथला अपमान या तिन्ही गोष्टी मला त्यांच्यापेक्षा अधिक नीट आठवतात.

सुलभा माझी पत्नी. दिगंबरराव तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणून तिला नावाने हाक मारण्याचा हक्क त्यांना लग्नाच्या मांडवातच मिळाला. मला तो आजतागायत मिळालेला नाही. आमच्या पिढीत बायकोला चारचौघांत नावाने हाक मारणे हा आचरटपणा समजला जाई. मी 'अगं' वर संसार केला. त्या बंगल्याच्या लाकडी जिन्यावरून "सुलभा, ए सुलभा, धुकं बघ!" अशी आरोळी खाली यायची, तेव्हा माझ्या बायकोचे नाव किती सुरेल आहे हे मला परक्याच्या तोंडून कळत असे. ही गोष्ट कोणत्याही नवऱ्याला सहज पचणारी नाही.

स्मरणिका आली ती गेल्या आठवड्यात. पौषातली सकाळ होती. बुऱ्हाणपुरात आमच्या राजपुऱ्यातल्या घराच्या अंगणात कोवळे ऊन उतरले होते आणि सुलभा सुपात हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. आमच्या सुनेने ती स्मरणिका उघडली आणि मोठ्याने वाचायला घेतली. तिच्या मराठीत हिंदीचे पाणी भरपूर; पण वाचते छान.

"बाबा, मौसाजी तर एकदम पिक्चरसारखं लिहितात हो!" ती म्हणाली. "शेकोटी, शाल, धुकं... आई, तुम्ही तर हिरॉईन निघाल्या!"

"वाच तू," सुलभा म्हणाली. "पुढे वाच."

वर दिलेला उतारा तिने संपवला. मग सुलभा हसली. मोठ्याने नव्हे, हातातला घाटा तसाच धरून, मान खाली घालून, एकटीच. ते हसू नेमके कोणत्या वाक्याला होते, हे मला कळले नाही. शाल जपून ठेवण्याला? माझ्या राखणीला? की त्या शेवटच्या वाक्याला, ज्यात एका गृहस्थाने माझ्या बायकोच्या सगळ्या हसण्यांचा हिशेब करून ते एका आठवड्यात जमा दाखवले आहे?

"कशाला हसलीस?" मी विचारले.

"काही नाही हो. आठवलं."

या 'आठवलं'ला कर्ता होता, कर्म नव्हते. मी पुन्हा विचारले नाही. माझा स्वभाव भांडखोर आहे असे लोक म्हणतात. पण काही प्रश्न मी आयुष्यभर विचारलेले नाहीत, याची नोंद कोणी घेत नाही.

थंडी आली की मला तो बंगला आठवतो, असे मी लिहिणार होतो; पण ते तितकेसे खरे नाही. थंडी आली की सुलभाला तो बंगला आठवत असेल असे मला वाटते, आणि मग तो मला आठवतो. तापीवरून पहाटे गार वारा सुटतो, केळीच्या बागांवर पांढुरके धुके बसते, नवे पान उलगडायला नेहमीच्या दुप्पट वेळ घेते. बुऱ्हाणपूरची थंडी चार दिवसांच्या पाहुण्यासारखी. पण ती असते तोवर सुलभा भल्या सकाळी अंगणाच्या दारात उभी राहून तोंडाने वाफ सोडून पाहते. वय झाले तरी पाहते. लहान मुलीसारखी दोनदा, तीनदा. ही सवय तिने तिकडून आणली. इतक्या वर्षांत मी तिच्यासाठी काय काय आणले. पण तोंडातून वाफ निघेल अशी हवा मला काही आणता आली नाही. माणसाचा मत्सर करणे सोपे असते, त्याच्यात शंभर दोष काढता येतात. हवेचा मत्सर करू लागले म्हणजे हाताशी काहीच लागत नाही.

तेव्हा आमच्या लग्नाला पाच-सहा वर्षे झाली असावीत. दिगंबरराव अमरावतीला बांधकाम खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनी निरोप धाडला की चिखलदऱ्याच्या एका बंगल्यात आठवडाभर खोल्या घेतल्या आहेत, तुम्ही दोघे या. हा बंगला कोण्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या मडमेसाठी बांधला होता म्हणे. पुढे त्याचे हॉटेल झाले. 'मी खोल्या घेतल्या आहेत' हे शब्द त्या निरोपात तीनदा होते. मी रिकाम्या हाताने जाणारा माणूस नव्हे. आमच्या घरची रीत अशी की, कोणाकडे जायचे तर बागेतला भरला घड घेऊन जायचे; आणि घड कच्चाच न्यायचा, तो त्यांच्या घरी पिकायचा, म्हणजे चार दिवस घरात आमचे नाव निघत राहते. मी बागेत स्वतः उभा राहून घड निवडला. इतका भरलेला की दोघांनी उचलावा. जीपच्या टपावर तो केळीच्या वाळल्या पानांत बांधून ठेवला आणि निघालो.

खकनारला चहासाठी थांबलो. चहावाल्याने टपाकडे पाहिले.

"कुठं निघाली बारात, मास्तर?"

"चिखलदऱ्याला."

"अन् नवरदेव वर बांधला का?"

सुलभा खळखळून हसली. दिगंबररावांनी या हसण्याची नोंद घेतलेली नाही, कारण ते तिथे नव्हते. ती बंगल्यात पोचून उमलली म्हणतात. मी सांगतो, ती खकनारच्या चहाच्या टपरीवर, हातात काचेचा पेला धरून, आमच्या केळीच्या घडावर हसत उभी होती, आणि तिथे थंडी नावालाही नव्हती.

पुढे धारणी मागे पडली, सागवान दाट होत गेले, वळणे सुरू झाली. घाट चढताना प्रत्येक वळणाला हवा एक कपडा वाढवीत होती. बंगला दिसला तेव्हा ऊन कलले होते.

तो बंगला सुंदर होता. हे मी मान्य करतो, कारण मी अन्यायाने भांडत नाही. दगडी जोते, उतरती कौले, आणि तिन्ही बाजूंनी इतका रुंद व्हरांडा की घरापेक्षा घराची सावली मोठी. तिथल्या खुर्च्यांचे हात लांबच लांब. त्यांवर पाय टाकून पसरायचे. इंग्रज निघून गेला, पण त्याच्या खुर्च्या अजून माणसाला त्याच्यासारखेच बसायला लावीत. भिंतीवर सांबराचे डोके. त्याचा एक काचेचा डोळा गळून पडलेला, आणि दुसऱ्याने ते येणाऱ्याजाणाऱ्याकडे संशयाने पाही. दिवाणखान्यात भिंतीतली शेकोटी, तिच्या बाजूला जळणाच्या लाकडांची वेताची मोठी टोपली. न्हाणीघरात जस्ताचे टब. मागच्या उतारावर कॉफीची झुडपे, त्यांना लाल मण्यांसारखी फळे.

सुलभा या सगळ्यातून फिरली ती मला आठवते. तिने कशाचे कौतुक केले नाही. फक्त एका खिडकीपाशी थांबली. तिच्या कोनाड्यात बसायला लाकडी फळी होती. तिने त्या फळीवरून तळहात फिरवला, जसा आपण बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाच्या पाठीवरून फिरवतो तसा. आमच्या घराच्या कोणत्याही भिंतीवरून तिने असा हात फिरवलेला मी पाहिला नव्हता. मी तेव्हापासून त्या खिडकीचा द्वेष करतो.

आणि दिगंबरराव! कोट, गळ्यात मफलर, हातात पाइप आणि ओठावर ती मिशी. मिशी भारदस्त होती, टोकांना मेण लावलेली. त्यांनी घडाकडे पाहिले आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"साडूभाऊ, हे काय? अहो, पायथ्याशी बाजार आहे, तिथे विकून यायचं होतं!"

"विकायचा नाही. तुमच्यासाठी आणलाय."

खानसामा घड खांद्यावर घेऊन उभा होता. "साहब, कहाँ टाँगूँ?" त्याने विचारले. व्हरांड्यात कंदील टांगायचा लोखंडी आकडा होता. मी तो दाखवला.

"अरे वा," दिगंबरराव म्हणाले, "कंदिलाच्या जागी केळी! अंधारात बसावं लागणार आता आम्हाला."

"पिकली की पिवळा उजेड पडेल," मी म्हणालो.

"या थंडीत? साडूभाऊ, यातलं एक जरी केळं इथे पिकलं ना, तर ही मिशी काढीन!"

सगळे हसले. एकटे दिगंबरराव हसले असते तर समजू शकलो असतो. पण इथे माझी बायको, तिची ताई आणि तो खानसामा हसले. सुलभाचे हसणे मला लागले. पण ती माझ्याकडे पाहून हसत होती की मिशीकडे, हे तेव्हा मी पाहिले नाही. मी घडाकडे पाहत होतो.

हिरवे केळे थंडीला घाबरते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण आमच्याकडे थंडी म्हणजे आठवडाभर केळे उशिरा पिकते, एवढेच. डोंगरावरची थंडी ही निराळ्या जातीची आहे, हे तापीकाठच्या माणसाला डोंगरावर गेल्याशिवाय कसे कळावे? दुसऱ्या सकाळी घडावर दव होते. तिसऱ्या सकाळी सालीवरचे तेज गेले आणि हिरव्यात राखाडी छटा उतरली. दिगंबरराव रोज चहाचा पेला घेऊन घडापुढे उभे राहत आणि मिशीला पीळ देत.

"काय म्हणतो आजारी?" ते विचारत.

त्याच सुमारास घडातली खालची एक फणी नाहीशी झाली. कापलेल्या जागी पांढरा चीक ओघळून गोठला होता. "माकडं," दिगंबररावांनी निकाल दिला. माकड चाकूने फणी कापते का, हा प्रश्न मी त्यांना तेव्हाच विचारायला हवा होता. पण मला वाटले, यांनीच खानसाम्याकडून भाजीसाठी कापवली असणार, आणि तक्रार करून मला आणखी हसे करून घ्यायचे नव्हते.

आता त्या संध्याकाळींविषयी. चहा झाला की सगळे शेकोटीपुढे जमत. दिगंबररावांची अस्वलाची गोष्ट सुरू होई. एका पुलाच्या मोजणीच्या वेळी त्यांच्या तंबूत अस्वल शिरले होते. पहिल्या संध्याकाळी ते पिल्लू होते. दुसऱ्या संध्याकाळी ते तंबूच्या खांबाएवढे झाले. आठवडा संपेपर्यंत ते अस्वल बंगल्यात मावेना. मी दोन संध्याकाळी ते सहन केले. तिसऱ्या संध्याकाळी म्हणालो, "दिगंबरराव, हे अस्वल आमच्या केळीसारखं नाही, थंडीतसुद्धा रोज वाढतंय." ताई डोळे मिटून विणत होत्या, त्या हसल्या. दिगंबरराव हसले नाहीत. त्यानंतर मी आत बसणे सोडले.

'राखण करीत' या शब्दांना माझा आक्षेप आहे. मी घडाची राखण करीत नव्हतो. मी मोकळ्या हवेत बसत होतो. आता हवा बर्फासारखी होती आणि शेजारी घड होता, याला माझा इलाज नव्हता. आम्ही दोघे बाहेर, मी आणि तो, दोघेही थंडीने काळवंडत चाललेले. मधे काचेची खिडकी. आत तांबूस उजेड, दिगंबररावांचे हातवारे, आणि काचेकडे पाठ करून बुटक्या स्टुलावर बसलेली सुलभा. तिच्या खांद्यावर त्यांची बदामी रंगाची शाल. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी ती तिच्या अंगावर टाकली होती, "घे गं, कुडकुडतेस काय!" म्हणून. माझ्याकडे शाल नव्हती. माझ्याकडे घोंगडी होती, आणि घोंगडी चारचौघांत बायकोच्या अंगावर टाकता येत नाही.

थोड्या वेळाने ती शाल काढी. बाजूच्या लाकडांच्या टोपलीवर वाके, बराच वेळ वाकून राही, टोपलीत काहीतरी नीट करी, आणि टोपली हाताने किंचित शेकोटीकडे सरकवी. मला वाटे, शालीवर ठिणगी पडू नये म्हणून ती एवढी जपते. दिगंबररावांनाही तेच वाटले, हे त्यांच्या लेखावरून दिसते. एवढ्या एका मुद्द्यावर आम्हा दोघांचे एकमत होते, आणि दोघेही चुकत होतो.

ती हसे तेव्हा तिचे खांदे हलत. मी काचेतून खांदे मोजत नव्हतो. पण पाहत होतो. कोणाला हसते आहे? अस्वलाला? की अस्वल सांगणाऱ्याला? ती खोलीत येई तेव्हा दात वाजत असत. शाल खालीच राहिलेली असे. माझ्या घोंगडीत शिरून ती पाय आखडून घेई, आणि मी भिंतीकडे तोंड करून विचार करी की, जी शाल एवढी प्रिय आहे ती ही खोलीत का आणत नाही. मग स्वतःच उत्तर देई: माझ्यापुढे ती पांघरायला तिला संकोच वाटत असेल. मत्सराची ही एक खोड आहे. तो प्रश्न बरोबर विचारतो आणि उत्तर मात्र ठरवूनच ठेवलेले देतो.

इथे एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. सुलभा नागपूरची. तिकडे संत्री, केळीशी तिचा संबंध बाजारापुरता. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात तिने बागेतून आलेली ताजी कापलेली फणी कौतुकाने उचलली आणि पदरात घेतली. माहेरची मोतिया रंगाची साडी होती. माझी आई ओरडली ती अजून माझ्या कानात आहे.

"अवो सूनबाई, टाका ती खाली! चीक निथरू द्यायचा असतो आधी. हा दाग आता साडी फाटेल पण निघायचा नाही!"

चीक लागताना पाण्यासारखा दिसतो; दुसऱ्या दिवशी तपकिरी होतो, आठवड्याने काळा, आणि मग कायमचा. सुलभाने लिंबू लावले, सोडा लावला, आणि शेवटी ती साडी कुशीत घेऊन रडली. त्या दिवसापासून आमच्या घरात केळीच्या बाबतीत तिच्याइतके काटेकोर कोणी नाही. फणी कापली की आधी पानावर पालथी ठेवायची, चीक पुरता निथळू द्यायचा, मग जुन्या गोणपाटात गुंडाळायची. चांगल्या कापडाजवळ ताजी फणी ती कोणाला आणू देत नाही. मुलांना त्यासाठी तिने धपाटेही घातले आहेत.

शेवटच्या सकाळी नाश्त्याच्या टेबलावर पांढऱ्या चिनी मातीची बशी आली. बशीत केळी होती. पिवळी, वर बारीक तपकिरी ठिपके उठलेली, वासाने दिवाणखाना भरून टाकणारी. सुलभाने ती बशी माझ्यापुढे ठेवली. प्रथम माझ्यापुढे, हेही स्मरणिकेत नाही.

"ही कुठली?" दिगंबररावांनी पाइप तोंडातून काढला.

"आपलीच," सुलभा म्हणाली.

"पण पिकली कुठे?"

"पिकली कुठेतरी, भाऊजी. घ्या ना."

त्यांनी दोन खाल्ली. एकही केळे पिकले नाही असे आज लिहिणाऱ्या गृहस्थांनी माझ्या समोर बसून दोन केळी खाल्ली आणि तिसऱ्याकडे हात नेला, तो ताईंनी धरला. मी छाती पुढे काढून म्हणालो, "तापीकाठची माती आहे, दिगंबरराव. डोंगराला कशी दबेल? आता वस्तरा मागवू का?"

"एका फणीने घड पिकत नाही, साडूभाऊ!"

"तुम्ही एका केळ्यावर मिशी लावली होती."

सुलभा तेव्हाही मान खाली घालून हसली होती. मिशी काही निघाली नाही. ती आजही आहे. स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर, पांढरी झालेली, पण पीळ तोच. बाकी घड खरोखर दरीत गेला, हे मी नाकारीत नाही. पण एक फणी पिकली होती, आणि ती आमच्या वाणाच्या गुणाने पिकली, असे मी इतकी वर्षे छातीठोकपणे सांगत आलो.

घरी परतल्यावर सुलभाने सामान सोडले, तेव्हा त्यात ती बदामी शाल होती. तिने ती लहान घडी करून लोखंडी पेटीच्या तळाशी ठेवली, वर माझी घोंगडी. मी दारात उभा होतो. तिने पेटीचे झाकण लावले. विचारले असते तर तिने सांगितले असते. म्हणूनच मी विचारले नाही. पुढे किती हिवाळे आले, किती लग्ने झाली, भाच्यांच्या मुंजीत नागपूरच्या गारठ्यात ती साध्या स्वेटरवर बसली. पण ती शाल तिने एकदाही अंगावर घेतली नाही. वस्तू वापरात असली की तिचे काही वाटत नाही. तळाशी ठेवलेली वस्तू घरभर पसरते. मी त्या पेटीवरून रोज जात-येत होतो आणि मनाशी म्हणत होतो, एवढी मोलाची आहे की अंगालासुद्धा लावत नाही.

स्मरणिका वाचली त्या संध्याकाळी मुलगा म्हणाला, "बाबा, तो बंगला अजून आहे. नवा रंग दिलाय, फोनवर फोटो बघा. बुक करू का आईसाठी?" मी फोटो पाहिले. खिडकी तशीच होती. मी म्हणालो, गरज नाही. सुलभा म्हणाली, "जाऊ या की. मला ती खिडकी फार आवडली होती." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "केळी नका आणू बरं का, या वेळी."

"आणणार," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडले. दरवर्षी पौषात पेटीतले लोकरी कपडे गच्चीवर उन्हात घालायचे, ही आमच्या घरची रीत. हे काम सुलभाचे, आणि ती ते नेहमी मी शाळेत शिकवायला गेलो असताना किंवा निवृत्तीनंतर मी वाचनालयात असताना उरकीत असे. या वर्षी ती जिन्याच्या पायरीवर बसली.

"अहो, यंदा तुम्हीच घाला. माझे गुडघे नाही म्हणतात."

"सगळे?"

"सगळे. शालसुद्धा." मी वळलो तशी ती पुन्हा म्हणाली, "नीट उलगडून घाला हो. घडीतच नका ठेवू, नाहीतर कसर लागते."

गच्चीवरून राजपुऱ्याची छपरे दिसत होती. दूर कुठे माग खडखडत होते, संक्रांतीचे दोन पतंग एकमेकांच्या अंगावर जात होते. मी स्वेटर पसरले, मफलर पसरले, माझी घोंगडी कठड्यावर टाकली. शाल शेवटी घेतली. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा हात लावत होतो. फार मऊ होती. एवढे श्रेय मी दिगंबररावांना देतो. एक घडी उलगडली, दुसरी उलगडली.

"उलगडली का?" खालून हाक आली.

"उलगडतोय."

"पूर्ण उलगडा."

मी पूर्ण उलगडली आणि उन्हात धरली. किती वेळ धरून उभा होतो ते सांगत नाही. जिन्याच्या तळाशी कोणीतरी हसत होते. तेच हसू, मान खाली घालून हसायचे. आता मला ते कोणत्या वाक्याला होते हे कळले. 'ती शाल तिने मला कधी परत केली नाही.' अहो दिगंबरराव, परत करणार कशी? आणि इतरांसमोर अंगावर तरी घेणार कशी?

सुज्ञ वाचकांपुढे मी आता ताणून धरत नाही. बंगला त्यांनी घेतला होता, मान्य. अस्वल जेवढे म्हणतील तेवढे मोठे होते, मान्य. त्या हवेत तिचा चेहरा उजळला होता, खिडकी तिला आवडली होती, तेही मान्य. मिशी राहू द्या. या वयात ती काढून तरी काय मिळणार? ती शेकोटीपाशी कोणासाठी बसत होती आणि टोपलीवर वाकून काय जपत होती, एवढाच आमचा वाद आहे. जिला चीक निथळू न दिलेली फणी चांगल्या कापडाजवळ आलेली खपत नाही, आणि जी त्यापायी माहेरच्या साडीसाठी रडली होती, तिने ती थंडीत तातडीने कापलेली फणी कशात गुंडाळली, याला साक्षीदार लागत नाही. दिगंबररावांच्या काश्मिरी शालीच्या ऐन मध्यावर, फणीच्या बुडाच्या आकाराचा, केळीच्या चिकाचा काळा डाग आहे.